ताशी चौऱ्याण्णव

मास्तर खटला जिंकले.

पण ते तूर्त विसरा. अजून काहीच झालेलं नाही. अजून सकाळचे साडेदहा वाजलेत, मास्तर वाहतूक कोर्टाच्या व्हरांड्यात एका लंगड्या बाकावर तोल सांभाळत बसलेत आणि शेजारी, मध्ये पर्स ठेवून, त्यांची बायको बसली आहे.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. बावीस वर्षांत त्यांनी हॉर्नसुद्धा माफी मागितल्यासारखा वाजवला. शिकाऊ मंडळी त्यांना पाठीमागे 'दुसरा गिअर' म्हणत, बायको तोंडावर म्हणायची. तेही आधी. तिचे वडील गेल्यापासून, म्हणजे गेले चार महिने, ती कामापुरतंच बोलत होती. गॅस संपलाय. किल्ली कुठंय. दार लावा.

अशा माणसाला कॅमेऱ्याची नोटीस आली. पन्नासच्या रस्त्यावर ताशी चौऱ्याण्णव.

मास्तरांनी ती जेवताना तिच्या ताटाशेजारी ठेवली. तिने वाचली. तारखेवर तिची नजर जराशी अडखळली. मग कागदाची घडी घालून तिने तो परत सरकवला.

"मशीन बिघडलंय," ती म्हणाली. "तुम्ही आणि चौऱ्याण्णव! तुमचं ब्लडप्रेशरसुद्धा तिथवर जाताना दम खातं."

"कोर्टच ठरवू दे काय ते," मास्तर म्हणाले. "तू मात्र ये."

स्कूलचा मालकही म्हणाला, "लढ! दंड कायम झाला तर शिकवायचा परवाना गेलाच म्हणून समज. मग तुला ठेवून मी काय आरती ओवाळू?"

मास्तरांनी अर्ज भरला. 'साक्षीदार' या रकान्यात ठळक अक्षरांत बायकोचं नाव लिहिलं. दोनदा गिरवलं.

पुकारा झाला तशी दोघं उठली. दारात शिपायाने हात आडवा घातला.

"साक्षीदार कोण?"

"मी," बायको म्हणाली.

"मग तुम्ही बाहेर थांबा. बोलावल्याशिवाय आत यायचं नाही."

मास्तर गडबडले. "अहो, पण ती ऐकायला आली आहे."

"साक्षीदाराने ऐकायचं नसतं, काका. बोलायचं असतं. चला, आत व्हा."

बायको परत बसली. बाक तिच्या बाजूने कलला.

आत न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "गुन्हा कबूल आहे?"

"आधी रेकॉर्ड वाचावं, मॅडम. जरा मोठ्यानं. आणि दार उघडं ठेवलं तर..."

"एसी चालू आहे."

वाहतूक हवालदाराने भाजीची यादी वाचावी तसं वाचलं. तारीख. दुपारी चार वाजून बारा मिनिटं. ताशी चौऱ्याण्णव. फोटोत चालक एक, शेजारच्या सीटवर प्रवासी एक, मान टाकून झोपलेला.

बाईंनी फोटो हातात घेतला. "चौऱ्याण्णवचा वेग, आणि शेजारचा माणूस झोपलाय? आमचे मिस्टर साठलाच डॅशबोर्ड घट्ट धरतात."

सगळे हसले. हवालदारही हसला, मग त्याला आठवलं की मशीन त्याच्या बाजूचं आहे.

"मॅडम, तो झोपलेला..." मास्तर उभ्या उभ्या घामेजले. "हे साक्षीदारासमोर पुन्हा वाचाल का? मी सगळं..."

"तुम्ही गप्प राहा हो. तुमच्याच फायद्याचं चाललंय. साक्षीदाराला बोलवा."

बायको आली. पर्स पोटाशी धरून उभी राहिली.

"तुमचे यजमान गाडी वेगात चालवतात?"

"हे?" तिने एकदाच मास्तरांकडे पाहिलं. "मॅडम, माझ्या वडिलांना अटॅक आला तेव्हा हेच घेऊन येत होते त्यांना. मी ऑफिसातून थेट हॉस्पिटलच्या दारात जाऊन उभी राहिले. अठरा मिनिटं. आले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं." तिचा आवाज सपाट होता, गॅस संपलाय म्हणतानाचा. "ज्याला तेव्हा घाई करता आली नाही, तो आणखी कुणासाठी पळवणार आहे गाडी?"

कुणी हसलं नाही. मास्तरांनी तोंड उघडलं. बाईंनी हातानेच त्यांना थांबवलं, आणि फार मायेने निकाल सांगितला. यंत्र सदोष. दंड रद्द. अशा शांत चालकांची समाजाला गरज आहे.

व्हरांड्यात मालकाचा फोन आला. उद्यापासून दोन बॅच जास्त, म्हणाला.

"सुटलात," बायको म्हणाली. "चला आता. सावकाश चला, तुम्हाला कुठं घाई असते."

"तू हो पुढे," मास्तर म्हणाले. तिची पाठ वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ते थांबले. मग खिडकीवरून त्यांनी एक कोरा अर्ज घेतला आणि भिंतीला टेकवून वळणदार अक्षरात लिहिला:

'अर्जदारावरील दंड पूर्ववत कायम करावा व त्याचा शिकवण्याचा परवाना रद्द करावा. नोंदीतील "झोपलेला प्रवासी" हे शब्द वगळून तेथे "अर्जदाराचे सासरे" असे वाचावे. तसेच सदर रेकॉर्ड पुन्हा एकवार, मोठ्याने, साक्षीदारास आत बसवून वाचून दाखवण्यात यावे, ही नम्र विनंती.'