काळ्या डब्याचं झाकण

पडद्यावरची विजेची रेघ आजही उडी मारून वर गेली होती. मॅडमनी उडीची वेळ पाहिली. नऊ बेचाळीस.

काळ्या डब्यात त्यांचे नखाएवढे ट्रान्झिस्टर होते, वर खास रेणूंचा थर दिलेले. जांभळा प्रकाश दाखवला की रेणू आकार बदलत आणि वीज अडे; हिरवा दाखवला की मोकळी होई. अंधारात ठेवले तर महिनोन्‌महिने ढिम्म राहतील, हाच तर मॅडमचा दावा. पण रोज सकाळी रेघ आपली वर! खापर फुटलं प्रयोगशाळेतल्या मामांवर. साफसफाई करताना हेच डबा उघडतात म्हणून मॅडम सगळ्या विद्यार्थ्यांसमोर त्यांना नाही नाही ते बोलल्या, आणि त्यांची रवानगी तळमजल्यावरच्या गोदामात करून मोकळ्या झाल्या.

त्याला आठ दिवस झाले. मामा नव्हते, तरी रेघ उड्या मारतच होती. वेळेचा रकाना मॅडमनी आज पहिल्यांदा पाहिला. रोज नऊ चाळीसच्या आसपास.

नऊ चाळीसला त्या स्वतः यायच्या. आल्या आल्या झाकण उचलून, मोबाइलच्या टॉर्चने थर नीट आहे ना ते बघायच्या. पांढऱ्या उजेडात हिरवा असतोच, हे त्या दरवर्षी नव्या मुलांना शिकवत. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी मामांना वर बोलावलं. मामा धुळीचे हात पँटला पुसत आत आले. मॅडमनी उठून दार लावलं.

"मामा, चूक माझीच होती. डबा मीच उघडत होते."

"माहीत आहे, मॅडम."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की. तुम्ही म्हणालात, तुम्ही फडकं मारा, मला विज्ञान शिकवू नका."

मॅडमना वर बघवेना. "माफ करा मला. आजच विभागप्रमुख साहेबांशी बोलते. उद्यापासून इथेच या."

मामांनी मान डोलावली, पण निघाले नाहीत. बाहेरून विद्यार्थ्यांच्या गप्पा ऐकू येत होत्या.

"मॅडम," ते संकोचून म्हणाले, "हे जरा दार उघडून बोलता का? त्या दिवशी उघडंच होतं."