साधी गाठ

सर्जननी मांडीतल्या गाठीचा ताजा तुकडा खाली लॅबमध्ये पाठवला. पॅथॉलॉजिस्ट बाईंनी तो काचेवर टेकवायचा, ठसा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि लगेच फोनवर सांगायचं: शिवून टाका, की आणखी कापा. तोवर सगळे हातावर हात ठेवून उभे. पेशंट कमरेखाली बधिर, पण टक्क जागा.

"एरवी बाई चहा गार व्हायच्या आत सांगून मोकळ्या होतात," सर्जन म्हणाले. "आज तिसरी काच रंगवतायत म्हणे."

तेवढ्यात फोन वाजला.

"जरा स्पीकरवर टाका," बाई म्हणाल्या. "चरबीची साधी गाठ आहे. पायाला धोका नाही. शिवून टाका."

 

"आणि टेबलावरच्या माझ्या दादाला सांगा, मी त्याच्याशी अजून बोलत नाहीये."