खुर्चीची पसंती

मसाजवालीऐवजी डोकं धुवायची साधी खुर्ची घेतली तर भूपेंद्ररावांचे चौदा हजार वाचणार होते, आणि त्यांत त्यांच्या पुलगावच्या कापडदुकानाला काचेची शोकेस येणार होती. ते चौदा हजार बायकोच्या, ज्योत्स्नाच्या, पार्लरच्या कमाईतले, हा त्यांच्या लेखी किरकोळ तपशील. बँकेतलं खातं त्यांच्या नावावर होतं. भाव ठरायचा बाकी, म्हणून रक्कम न घालता सही केलेला चेक ज्योत्स्नाच्या पर्समध्ये होता.

वर्ध्याच्या दुकानात ती नेमकी मसाजच्या खुर्चीपाशी थांबली. "दिवसभर फळ्यापाशी उभ्या राह्यलेल्या मास्तरणी येतात माह्याकडे. त्यायले हेच पाह्यजे."

"चोचले सारे! बाई डोकं धुवाले येते का झोपाले?" भूपेंद्रराव म्हणाले. "थांब, तुले बसूनच दाखवतो. काईच फरक पडत नाई."

ते रेलले. दुकानदारानं बटण दाबलं, डोक्यावर कोमट पाणी सोडलं. "पाह्य, काईच... काईच नाई..." म्हणता म्हणता ते घोरू लागले.

ज्योत्स्नानं दोनदा हाक मारली. मग दुकानदाराकडून पाचशे रुपये कमी करून घेतले आणि चेकवर रक्कम लिहिली.

"मॅडम, साहेबांना उठवू का?"

"काऊन? भाव तं मी केला न."

पाऊण तासानं भूपेंद्रराव उठले, पावती पाहिली आणि ओरडले, "एवढे पैसे गेले माह्ये!"

"पैसे माह्ये गेले," केस पुसायला टॉवेल देत ती म्हणाली. "तुमची गेली ती निस्ती सही."