मोरॅगशेजारची जागा

डूगलनं आरसा तिरपा धरला, तशी उन्हाची तिरीप दगडावर आडवी पडली आणि शेवाळाखालची अक्षरं वर आली. 'इसोबेल, अँगस गिलँडर्सची मुलगी.'

"सापडली," तो म्हणाला.

एफी काठी टेकत जवळ आली. चर्चच्या जुन्या नोंदी तीच सांभाळायची. अख्खा हिवाळा दोघांनी त्या चाळल्या होत्या. इसोबेल डूगलच्या आईची पणजी. पोर लग्नाआधीची, म्हणून बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाची जागा कोरी होती. तिच्या आईला तीन रविवार साऱ्या चर्चसमोर उभं केलं, हे मात्र पाद्रीसाहेबांनी न विसरता लिहिलं होतं. वंश तुटत होता तो तिथंच. शेजारच्या गावच्या या दगडानं तो जोडला.

"म्हणजे गिलँडर्सांच्या दफनाच्या जागेचा वारस आता तू," एफी म्हणाली. "तुझ्या सहीशिवाय तिथं कुणाला पुरता यायचं नाही. पण काय रे, एवढा आटापिटा कशाला? वारस कुणी पुढं आला नसता, तरी कचेरीनं तुझ्या म्हाताऱ्या बापाला बायकोशेजारी जागा दिलीच असती."

"दुसऱ्यांच्या हातात नाही ठेवायचं मला ते."

एफीला भरून आलं. असा मुलगा मिळायला नशीब लागतं, असं तिनं त्या संध्याकाळी बेकरीत चारचौघांना ऐकवलं.

गिलँडर्सांच्या जागेत आता एकच शवपेटी मावणार होती. डूगलची आई मोरॅग तिथंच होती. आता हयात नसलेल्या तिच्या भावानं तिला माहेरच्या मातीत ठेवलं, तेव्हा कुणी कागद मागितले नव्हते. बाप मर्डो वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळला होता.

रविवारी डूगल त्याला सूप भरवायला गेला.

"मला मोरॅगपाशी ठेव," मर्डो म्हणाला. "वाट बघत असेल ती."

"जागा माझ्या नावावर झाली, बाबा."

"मग झालं तर. शहाणा निघालास. लहानपणी उगाच भित्रा म्हणायचो तुला."

डूगलनं त्याची हनुवटी पुसली आणि पुढचा चमचा भरला.

मार्चमध्ये मर्डो गेला. दुसऱ्या दिवशी एफी संमतीचा कागद घेऊन डूगलच्या घरी आली.

"खणणारी माणसं सकाळी येतायत. एवढी सही कर, बाळा."

डूगलनं तिला चहा ओतून दिला. कागद शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि तिच्याकडे परत सरकवला.

"डोंगरापलीकडच्या नव्या दफनभूमीत जागा घेतलीय त्याच्यासाठी."

एफीला काही कळेना. "अरे, पण मोरॅगशेजारची जागा? तिचा हक्क मिळवलास ना तू?"

"त्यासाठीच मिळवला," डूगल म्हणाला. "जाताना आईनं एवढंच मागितलं होतं, याला माझ्याजवळ येऊ देऊ नकोस."