कारण अधिकारी

कारणं देणारी माणसं नगरपालिकेत पूर्वीपासूनच होती. प्रोग्राम लिहायचं काम यंत्राने घेतल्यावर त्यासाठी खास पदच निघालं. प्रोग्राममधली एखादी ओळ पुसण्याआधी यंत्राने विचारायचं आणि ती मुळात का लिहिली होती, हे कुमुद हर्णेंनी सांगायचं. वर्षभरात यंत्राने काही विचारलंच नव्हतं, म्हणून आज ते पद रद्द होणार होतं.

मुख्याधिकारी खरे सहीसाठी पेन उघडत होते, तेवढ्यात यंत्र बोललं, "पाणीपुरवठ्यातली एक ओळ वर्षातून एकदाच चालते. पहाटे तीनला पंप सुरू करते. निरुपयोगी दिसते. पुसू का?"

"पूस की," खरे म्हणाले.

"साहेब," कुमुदताई शांतपणे म्हणाल्या, "नरकचतुर्दशीला तुमची आंघोळ किती वाजता?"

"साडेचारला. उशीर झाला तर आई जिवंतपणीच नरकात धाडते."

"सगळ्या गावाची तेव्हाच असते. एरवी नळाला पाणी सहाला येतं."

खऱ्यांनी पेनाला टोपण लावलं.

"कारण मान्य," यंत्र म्हणालं. "अशा आणखी किती ओळी आहेत?"

कुमुदताईंनी खुर्ची पुढे ओढली. "साहेब, चहा मागवा. गणपतीपासून सुरुवात करते."