गुडघ्याखालची रेघ

पाय कुठून कापायचा, ती रेघ डॉक्टरांनी बाबांच्या गुडघ्याखाली पेनाने मारली. रक्त पोचत नव्हतं, पाऊल काळं पडलेलं. जन्मभर शिवणकाम केलेल्या बाबांनी चष्मा चढवला. “रेघ वाकडी आलीय. असल्या रेघेवर मी कात्री चालवत नाही.” डॉक्टर हसले. मला हसू येईना. आमच्या प्रयोगशाळेतल्या इंजेक्शनने उंदरांच्या पायांत नव्या रक्तवाहिन्या तयार झाल्या होत्या. माणसांवरची चाचणी नुकतीच सुरू झालेली. “खात्री नाही, बाबा.” “अगं, कापायला काय, केव्हाही कापता येतं. आधी तुझं करून बघ.” बाबा चाचणीत दाखल झाले. हळूहळू घोट्याखाली ऊब आली, टाच गुलाबी झाली. बोटं मात्र वाचली नाहीत. डॉक्टरांनी बोटांच्या मुळाशी नवी रेघ मारली. सुजेवरून जाताना ती पहिलीपेक्षाही वाकडी झाली. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. “आता सरळ आली. कापा.”