भिंतीवरचं काम

"कुणीही काही सुचवायचं नाही," उल्काने जमलेल्या प्राध्यापकांना बजावलं. विद्यापीठाच्या कलाविभागाची वेबसाइट नव्याने करायचं काम तिच्याकडे होतं. तिने आधी जुनी वेबसाइट प्रोजेक्टरने वर्गाच्या भिंतीवर लावली. समोरच बसलेल्या नाडगौडा सरांनी ती हौसेने रचलेली. भिंतभर त्यांनी काढलेलं चित्र, तळ्याकाठची बाई. तिच्या हातातल्या कमळावर क्लिक केलं की प्रवेशाचं पान उघडायचं.

प्रवेशासाठी बीडहून आलेल्या एका मुलीला उल्काने अर्ज भरून बघायला सांगितलं. ती माउस घेऊन तळंभर फिरली. "चित्र भारी आहे," ती रडवेली होऊन म्हणाली, "पण अर्ज कुठे भरायचा?"

'कमळ' सरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण नियम त्यांचाच होता. ज्याचं काम भिंतीवर, त्याने तोंड उघडायचं नाही. विद्यार्थिनी असताना उल्काला त्यांनी कितीदा असं गप्प बसवलं होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

मग नवी वेबसाइट लागली. पांढरं स्वच्छ पान, वरच ठळक 'प्रवेश', भोवती भरपूर मोकळी जागा. मुलगी बघता बघता अर्ज भरायलाही लागली.

"सर, तुमचं चित्र मी आतल्या पानावर..." उल्का चाचरली.

"गप्प! आता भिंतीवर तुझं काम आहे," सर कडाडले. मग ताठ मानेने सगळ्यांकडे वळले. "बघणाऱ्याची नजर कुठे जाते, हे हिला नेमकं कळतं. माझी विद्यार्थिनी आहे ही!"

उल्काला बरंच काही बोलायचं होतं, पण नियम होता. सर मात्र तास संपेपर्यंत तिचं कौतुक करत राहिले.